कलमापासून कालवडीपर्यंत

सह्याद्रीवर पाऊस रिता करून पूर्वेकडे निघालेल्या ढगांजवळ केंदूरला देण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं. शिरूर तालुक्याच्या पूर्व भागांत घोड आणि भीमा यांच्या कांठीं, व तसेंच पुढें दौंडच्या बाजूस, ऊस डोलत असतो. केंदूर-पाबळच्या माळावर मात्र बाजरी, ज्वारी आणि विहिरीच्या पाण्यावर बेतलेलें एखादें बागायती पीक, एवढाच शेतीचा हिशेब. अशा मुलुखांत ज्याची विहीर उन्हाळ्यांतही अगदींच कोरडी पडत नाहीं, त्याचें लक्ष सहजच डाळिंबाकडे जातें. हलक्या जमिनींत, बेताच्या पाण्यावर येणारें हें झाड. परंतु बाग लावावयाची म्हटली कीं पहिला प्रश्न रोपांचा. तीं गुटी कलमांचीं घ्यावयाचीं, कीं प्रयोगशाळेंत बाटल्यांतून वाढविलेलीं, ज्यांस ऊतिसंवर्धित रोपें म्हणतात तीं?

प्रश्न वरवर पाहतां दराचा आणि सोयीचा दिसतो. वस्तुतः ज्या विद्येची जगभर चर्चा चालते, त्या 'क्लोन' करण्याच्या विद्येच्या उंबरठ्यावरच तो शेतकरी उभा असतो. क्लोन हा शब्द ऐकतांच कित्येकांच्या डोळ्यांपुढें एकाच तोंडवळ्याच्या माणसांची पलटण उभी राहते. त्याचा मूळ अर्थ मात्र फार साधा आहे. ग्रीक भाषेंत डहाळीस जो शब्द आहे, त्यावरून हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानें तो १९०३ सालीं बनविला. मराठींतला 'कलम' हा शब्द अरबीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ बोरूची लेखणी. म्हणजे एक शब्द डहाळीचा, दुसरा बोरूच्या काडीचा. उसाचें टिपरें पुरणारा, केळीचा मुनवा लावणारा आणि हापूसचें कलम बांधणारा हे तिघेही पिढ्यान् पिढ्या क्लोनच करीत आले आहेत. फक्त त्यांच्या कृतीला तें नांव नव्हतें.

कलमांत आणि बियांत भेद कोणता? बीं दोघांचें असतें. मातेचे व पित्याचे गुण त्यांत एकत्र पिसले जातात आणि प्रत्येक बियाच्या वांट्याला निराळा डाव येतो. म्हणून उत्तम आंब्याची कोय लावली तरी झाड तसेंच निघेल याचा भरंवसा नाहीं. कलम हें एकाच झाडाच्या शरीराचा तुकडा असतें. त्यांत डाव पिसलाच जात नाहीं. जें हातीं आलें आहे तें कलम राखतें. नवें कांहीं यावयाचें तर तें बहुधा बियांतूनच.

डाळिंबाचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो. केंदूरपासून फार दूर नसलेल्या आळंदीच्या नांवानें डाळिंबाचा एक जुना वाण ओळखला जाई. त्यांतून निवड करून पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रांत डॉ. चीमा यांनीं १९३६ सालीं मऊ दाण्यांचें एक डाळिंब पुढें आणलें. तेंच पुढें 'गणेश' या नांवानें महाराष्ट्रभर पसरलें. या गणेशचा 'गुल-ए-शाह लाल' या वाणाशीं संकर करून राहुरीच्या कृषि विद्यापीठानें जी निवड केली, तिच्यांतून 'भगवा' निघाला व तो २००३ सालीं प्रसारित झाला. टपोरें केशरी-लाल फळ आणि दूरच्या प्रवासांत टिकणारी जाड साल! सोलापूर, नाशिक, सांगली, नगर, पुणें, जेथें तेथें भगवाच दिसूं लागला. डहाळीची साल वळ्यासारखी काढावयाची, तेथें ओलें शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिकचा कागद बांधावयाचा, आणि मुळें फुटलीं कीं डहाळी कापून पिशवींत लावावयाची, ही गुटी कलमाची रीत. एका निवडलेल्या झाडाच्या देहाचेच हे असंख्य तुकडे.

मग तेल्या आला. हा रोग एका सूक्ष्म जंतूपासून होतो. पानांवर व फळांवर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकतें, आणि पावसाच्या उडालेल्या थेंबांबरोबर व छाटणीच्या कात्रीबरोबर तो झाडोझाड पोहोंचतो. या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्रांतील कित्येक बागा त्यापायीं उपटून टाकाव्या लागल्या. दोष केवळ बागा एकसारख्या असण्याचा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु जें झाड एका जंतूला बळी पडतें, त्याच्या सर्व प्रतीही त्याला तशाच बळी पडतात, हें खरें. आणि रोगट झाडावर बांधलेली गुटी गुणांबरोबर रोगही घेऊन जाते, हेंही तितकेंच खरें. डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या रोपांतून तेल्या गांवोगांव गेला.

येथेंच बाटलींतल्या रोपाचें महत्त्व कळतें. कोंबाचें अगदीं लहान टोंक घेऊन तें निर्जंतुक करावयाचें आणि साखर, क्षार व वाढीचीं द्रव्यें घातलेल्या अगरच्या थरावर ठेवावयाचें. त्यास अनेक फुटवे येतात, ते वेगळे करून पुन्हां वाढवावयाचे, मुळें फुटवावयाचीं, आणि शेवटीं बाटलीच्या दमट हवेंत लाडावलेलें तें रोप सावलींतल्या जाळीखालीं हळूहळू उन्हावाऱ्याला संवयीचें करावयाचें. या विद्येंत पुण्याचा वांटा मोठा आहे. येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं शंभर वर्षें वयाच्या सागाच्या झाडांपासून अशीं रोपें तयार करून दाखविलीं व तें काम १९८० सालीं प्रसिद्ध केलें. जुनाट झाडाच्या ऊतींना पुन्हां बाळपण देणें हें तेव्हां अवघड मानलें जाई. पुढें १९९० सालीं नाडगौडा, पराशरामी व मस्कारेन्हस या तिघांनीं त्याहून नवलाची गोष्ट 'नेचर' या विलायती नियतकालिकांत मांडली. बांबूला फुलावयास कित्येक दशकें लागतात. यांच्या प्रयोगशाळेंत मात्र बांबूचीं कोंवळीं रोपें बाटलींतच फुललीं आणि त्यांना बींही धरलें! येथें प्रत काढण्याच्या विद्येनेंच बियाची वाट मोकळी केली, आणि त्या प्रयोगाचें खरें मोल त्यांतच आहे.

तथापि ऊतिसंवर्धित रोप म्हणजे रोगावरील कवच नव्हे. तें बागेंत येतांना स्वच्छ येतें, इतकेंच. शेजारच्या बागेंतला तेल्या त्यालाही ओळखतो. जळगांव जिल्ह्यांत ऊतिसंवर्धित केळीनें उत्पन्नाचा चेहरामोहरा बदलला, पण त्याच केळीवर विषाणुजन्य रोगही पडला. मध्य अमेरिकेंत 'ग्रो मिशेल' नांवाची एकच केळी मैलोगणती लावली होती. ती पनामा रोगानें गेल्या शतकाच्या मध्याला बाजारांतून उठली. तिची जागा घेणाऱ्या कॅव्हेंडिश केळीच्या मागेंही त्याच रोगाचा नवा प्रकार लागला असून तो बिहारांतही आढळला आहे. म्हणून केंदूरच्या शेतकऱ्यानें रोपवाटिकेंत दर विचारण्याआधीं मातृवृक्ष कोणता व रोपांची जंतुपरीक्षा झाली आहे काय हें विचारावें, आणि सर्व बाग एकाच वाणाची करण्याचा मोह आंवरावा. दुसरी गोष्ट मात्र एकट्या शेतकऱ्याच्या हातची नाहीं. व्यापारी जर भगव्यालाच भाव देत असेल, तर विविधतेचा उपदेश कोणाला करावयाचा? विविधता राखण्याचा खर्च गरिबाच्या दोन एकरांवर टाकणें हेंच या विषयांतलें पहिलें अनीतीचें काम होय. सोलापूर येथें २००५ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रासारख्या संस्थांनीं तो भार उचलावयाचा असतो. कायद्यानेंही थोडी सोय केली आहे. वनस्पतींचे वाण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयींच्या २००१ च्या कायद्यानें नोंदलेल्या वाणाचेंही बियाणें राखण्याचा व एकमेकांस देण्याचा हक्क शेतकऱ्याकडे ठेविला आहे. छापील नांवाखालीं तें विकण्याची मुभा तेवढी नाहीं.

वनस्पतींपुरता प्रश्न असा माणसामाणसांतील न्यायाचा आहे. जनावरांकडे वळतांच त्यांत तिसरा पक्ष येतो, आणि तो मुका आहे.

झाडाच्या डहाळीपासून झाड होतें. गाईच्या कानाच्या कातड्यापासून गाय होत नाहीं. त्यासाठीं एका मादीची अंडपेशी घेऊन तिचें केंद्रक काढावें लागतें, त्या जागीं हव्या त्या जनावराच्या शरीरपेशीचें केंद्रक बसवावें लागतें, आणि तयार झालेला गर्भ तिसऱ्याच मादीच्या उदरांत वाढवावा लागतो. स्कॉटलंडमध्यें ५ जुलै १९९६ रोजीं जन्मलेली डॉली ही मेंढी अशा २७७ प्रयत्नांतून हातीं लागलेली एकटी होती. हिंदुस्थानांत कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेनें हीच क्रिया महागड्या यंत्रांवांचून हातानें करण्याची रीत बसविली. ६ फेब्रुवारी २००९ रोजीं 'समरूपा' ही म्हशीची पारडी जन्मली, आणि थोड्याच दिवसांत गेली. त्याच वर्षीं 'गरिमा' झाली. तीही दोन वर्षांच्या सुमारास दगावली. २०१० सालच्या ऑगस्टमध्यें झालेली दुसरी गरिमा मात्र जगली, मोठी झाली, आणि २५ जानेवारी २०१३ रोजीं तिला 'महिमा' नांवाची पारडी झाली. पुढें १६ मार्च २०२३ रोजीं तेथेंच 'गंगा' ही गीर जातीची कालवड जन्मली. तिच्यासाठीं पेशी गीर गाईची, अंडपेशी साहिवाल गाईची आणि उदर संकरित गाईचें होतें.

शास्त्रज्ञांचा हेतु क्षुद्र नाहीं. उत्तम रेड्याचें वीर्य दूरदूरच्या म्हशींना पुरवितां येतें, परंतु रेडा एक आणि त्याचें आयुष्य थोडें. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळी कांचन येथें स्थापिलेल्या संस्थेनें कृत्रिम रेतन गोठ्यापर्यंत नेलें, तेव्हांपासून चांगल्या वळूचें मोल महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला ठाऊक आहे. तसा वळू पुन्हां घडवितां आला तर कोणाला नको आहे? पण यशस्वी पारडीचें नांव ठेविलें जातें, तिचें छायाचित्र छापलें जातें. जे गर्भ टिकले नाहींत आणि ज्या म्हशींनीं ते वाहिले, त्यांचा हिशेबही तितक्याच ठळकपणें प्रसिद्ध व्हावयास हवा. तो पाहिल्याखेरीज या विद्येची किंमत ठरवितां येणार नाहीं. युरोपीय संसदेनें २०१५ सालीं शेतीच्या जनावरांचे क्लोन करण्याविरुद्ध मत दिलें, त्यांत या वेदनांचाच विचार प्रमुख होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २००८ सालीं अशा गाईडुकरांचें दूधमांस खाण्यास निर्धोक ठरविलें होतें, परंतु तो खाणाऱ्याच्या पोटाचा निर्णय होता, गाईच्या नव्हे. माणसाच्या बाबतींत मात्र हिंदुस्थानांतील वैद्यकसंशोधनाच्या नियमांनीं क्लोनला दारच बंद केलें आहे.

देशी गाईंच्या रक्षणासाठीं क्लोन हवा, असेंही म्हटलें जातें. येथें डाळिंबाचाच न्याय लागू पडतो. खिलार, डांगी, देवणी किंवा लाल कंधारी ही जात म्हणजे एक देखणी गाय नव्हे. निरनिराळ्या गुणांच्या शेंकडों गाईबैलांच्या कळपाला जात म्हणतात, आणि तो कळप माळावर चरत राहिला तरच ती टिकते. एका गाईच्या दहा प्रती केल्यानें गाई दहा होतात, रक्त एकच राहतें. तोंवर अनेक जनावरांच्या कानांच्या कातडीचे बारीकसे तुकडे घेऊन त्यांतील पेशी द्रवरूप नायट्रोजनांत, शून्याखालीं १९६ अंशांवर, ठेवून देतां येतात. त्यांत गाईला क्षणाचीच इजा होते, आणि पेशींना कित्येक वर्षें स्वस्थ पडून राहतां येतें.