आपल्या जामाची फांदी

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमांत जुलैच्या पहिल्या रविवारी सोसायटीच्या गच्चीवरच्या शेडमध्ये केलेलं भाषण. अनेकांनी कृती लिहून मागितली, म्हणून थोडं नीटनेटकं करून स्मरणिकेसाठी दिलं आहे.)



खाली चहा आणि बटाटेवडे तयार आहेत, वास इथपर्यंत येतोय. त्यामुळे मी लांबण लावणार नाही.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. गेटजवळचं आपलं जामाचं झाड. आपण इथे राहायला आलो तेव्हा ते उभं होतंच. ही जागा तेव्हा वाडी होती. ज्यांची वाडी होती ते आजोबा सुरुवातीची काही वर्षं दर उन्हाळ्यात येऊन झाडाखाली उभे राहायचे. त्यांनीच मला सांगितलं होतं, की हे झाड त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या एका वाडीतून गुटी बांधून आणलं. एप्रिलमध्ये पांढरट गुलाबी जामांनी ते लगडतं. आपल्या मुलांनी त्यावर दगड मारले, आता त्यांची मुलं मारतात.

गेल्या वर्षी मे महिन्यात पाण्याच्या टाकीची पाहणी झाली, तेव्हा इंजिनिअर साहेबांनी जामाची मुळं टाकीच्या भिंतीत शिरलेली दाखवली. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत झाड काढायचा ठराव झाला. महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची रीतसर परवानगी घेऊन, पावसाळा संपल्यावर. त्या ठरावाच्या बाजूने मीही हात वर केला होता. नाही म्हणायला तोंड नव्हतं. ऐंशी कुटुंबांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता. बी विंगमधल्या आजी त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून बरं वाटतंय.

कोणीतरी तेव्हा म्हणालं, "त्यात काय, बी लावू या." पण आपल्या जामाला बीच नसतं. फळ कापलं की आत नुसता कापसासारखा गाभा. क्वचित एखादी बी निघते, पण तिच्यातून येणारं झाड आपल्या जामासारखंच गोड निघेल याची हमी नाही. म्हणजे हे झाड पुढे न्यायचं तर फांदीवाटेच न्यायला हवं. हे काही नवीन नाही. पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमांनी १९३६ साली निवडलेलं डाळिंब पुढे 'गणेश' नावाने महाराष्ट्रभर गेलं, ते असंच, कलमांनी. बियांनी नेलं असतं तर प्रत्येक झाडाचं डाळिंब वेगळं निघालं असतं.

आणि फार जुनं उदाहरण हवं असेल तर रिक्षाने सोपाऱ्याला जा. तिथल्या बुरुडराजाच्या कोटात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला. त्याच अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेला नेली, असं परंपरा सांगते. बोधगयेचं मूळ झाड पुढे राहिलं नाही. अनुराधपूरला फांदीतून वाढलेला वृक्ष आजही उभा आहे, लोक त्याची पूजा करतात.

आता मुद्द्यावर येतो. फांदीला मुळं फुटतात कशी?

फांदीच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत एक संजीवक तयार होतं, त्याला ऑक्सिन म्हणतात. ते वरून खाली वाहतं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली लिहिलं, की रोपाचा शेंडा खालच्या भागाला काहीतरी निरोप पाठवतो. हॉलंडच्या फ्रिट्स वेंट यांनी १९२८ साली प्रयोगाने दाखवलं, की हा निरोप म्हणजे एक रसायन आहे. फांदी कापली की वरून येणारं ऑक्सिन कापलेल्या टोकाशी साचतं. तिथल्या सालीखालच्या पेशी आपलं नेहमीचं काम सोडून मुळं बनवायला लागतात. १९३५ साली अमेरिकेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवलं, की इंडोल ब्युटिरिक अॅसिड, म्हणजे आयबीए, बाहेरून लावलं तरी हेच होतं. नर्सरीत मिळणाऱ्या पुडीत किंवा बाटलीत बहुतेक वेळा हेच असतं. आपण त्याला रूटिंग हार्मोन म्हणतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हार्मोन हे खत नाही, टॉनिकही नाही. तो फक्त निरोप आहे. मुळं बनवायचं सामान फांदीच्या अंगात असावं लागतं. ते नसेल तर निरोप कितीही मोठ्याने दिला तरी उपयोग नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकलो फजितीतून. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, मोजल्याशिवाय काही घालू नका. आणि गेल्या जुलैत स्वतः काय केलं? दुकानातली सगळ्यात कडक पावडर आणली, जी जून, टणक फांद्यांसाठी असते. जामाच्या कोवळ्या बारा फांद्यांना ती पिठात घोळवावी तशी फासली. मनात हिशेब असा, की जास्त पावडर म्हणजे जास्त मुळं. दहाव्या दिवशी बाराच्या बारा फांद्या बुडाशी काळ्या पडल्या. हिने विचारलं, "लॅबमध्ये पण असंच करायचात का?"

जास्त झालेला हार्मोन फांदीचं बूड जाळतो आणि डोळेही फुटू देत नाही. म्हणून डब्यावरचा आकडा वाचायला शिका. ०.१ टक्का म्हणजे १००० पीपीएम, १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. कोवळ्या फांदीला ५०० ते १००० पुरतो, निमपक्व फांदीला १००० ते ३०००. त्यापुढचं प्रमाण जून, टणक लाकडासाठी.

ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा वीस फांद्या लावल्या. पाच जगल्या. ती पाच रोपं तुमच्यासमोर या टेबलावर आहेत. वीसातली पाच हा काही मोठा पराक्रम नाही. पण त्या खेपेला काय बरोबर केलं ते आता सांगतो.

फांदी कुठली घ्यायची? झाड म्हातारं असलं की त्याच्या वरच्या फांद्यांना मुळं यायला त्रास होतो. छाटल्यानंतर बुंध्याजवळून जे नवे धुमारे येतात, ते जास्त तयार असतात. म्हणूनच मार्चमध्ये मी कमिटीला खालच्या दोन फांद्या छाटायला सांगितलं होतं. आता तिथे छान धुमारे आले आहेत. पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या, अगदी हिरवी लुसलुशीत नको आणि तपकिरी, करकरीत वाळलेलीही नको. फूल किंवा कळी असलेली घेऊ नका. सकाळी लवकर कापा.

लांबी वीतभर, तीन-चार पेरं. खालचा काप पेराच्या लगेच खाली, आडवा. वरचा काप तिरका. यात गंमत अशी, की लावताना खाली-वर कळतं. फांदी उलटी खोचली तर मुळं धरत नाहीत. कात्री स्पिरिटने पुसून घ्या. वरची दोन पानं ठेवा आणि तीही अर्धी कापा. सगळी पानं काढली तर फांदीला अन्न कोण देणार? सगळी ठेवली तर पाणी उडून जाईल.

माती वापरायची नाही, खत तर नाहीच. निम्मं कोकोपीट, निम्मी धुतलेली जाड रेती. आणि कृपा करून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची वाळू पिशवीत भरून आणू नका, तिच्यात मीठ असतं.

पावडर चिमूटभर झाकणात काढून घ्या. फांदी थेट डब्यात बुडवायची नाही, नाहीतर ओल लागून डबा खराब होतो. फांदीचं बूड ओलं करा, साधारण एक सेंटीमीटर पावडरीत टेकवा, झटकून टाका. पातळ थर राहिला की पुरे. कुंडीत आधी पेन्सिलीने भोक पाडा, मग फांदी ठेवा आणि बोटांनी दाबा. सरळ खोचली तर पावडर वरच पुसली जाते. उरलेली पावडर परत डब्यात टाकू नका. हातमोजे घाला, आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

वर पाण्याची मोठी बाटली अर्धी कापून टोपीसारखी घाला. उजेड हवा, ऊन नको. उत्तरेच्या गॅलरीतला कोपरा चांगला. रोज थोडा वेळ टोपी काढून वारा द्या. रेती ओलसर असावी, चिखल नसावा. आपल्याकडचा जुलै-ऑगस्टचा दमट वारा या कामाला फार चांगला. नर्सरीवाले यंत्राने जे धुकं करतात, ते आपल्याला पाऊस फुकट देतो.

मग थांबायचं. हे सगळ्यात कठीण. पंधरा दिवसांत कोंब फुटतो आणि घरात आनंदीआनंद होतो. तो कोंब खोटा असू शकतो, फांदीतल्या साठ्यावर फुटलेला. खाली मूळ नसेल तर तो आठवड्यात माना टाकतो. मुळं यायला महिना-दीड महिना, कधी दोन महिने लागतात. उपटून बघायचं नाही! कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की समजा. त्यानंतर आठेक दिवसांत हळूहळू टोपी काढा, मग मोठ्या पिशवीत हलवा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी मध लावतं, कुणी दालचिनी, कुणी शहाळ्याचं पाणी. मध, दालचिनीने बुरशीला थोडा आळा बसेल, पण तो मुळांचा निरोप नव्हे. शहाळ्याच्या पाण्यात सायटोकायनिन असतं. ते कोंब फुटायला मदत करतं, मुळांना उलट अडवू शकतं. शहाळं आपण प्यावं हे उत्तम.

आणि हार्मोन आहे म्हणून कशालाही लावू नका. अंजीर, तुती, ड्रॅगन फ्रूट हार्मोनशिवायही सहज लागतात. डाळिंब लागतं, हार्मोनने जास्त चांगलं लागतं. पेरू आणि लिंबाला घरी गुटी बांधणं सोपं. गुटीच्या कापालाही हीच पावडर चालते. आंबा, फणस यांच्या मागे या पद्धतीने लागू नका. आंब्याला कोय कलमच बरं. चिकूचं कलम घोलवडकडे खिरणीच्या रोपावर बांधतात. केळीला मुनवे आहेतच, वसईकराला ते सांगायला नको.

एक कमतरताही सांगून ठेवतो. छाट कलमाच्या झाडाला सोटमूळ नसतं. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आपण पाहिलंय. त्या रात्री आपल्या विभागात किती झाडं आडवी झाली ते आठवा. म्हणून कलमाच्या झाडाला पहिली दोन-तीन वर्षं भक्कम काठीचा आधार हवा आणि वरचा पसारा छाटून आटोक्यात ठेवायला हवा. आणि जागा? टाकीपासून लांब. ती चूक पुन्हा नको.

आता या पाच रोपांचं काय करायचं? कमिटीशी बोलून असं ठरलंय. दोन रोपं सी विंगमागच्या मोकळ्या पट्ट्यात लागतील. एक मुलांच्या बागेच्या कोपऱ्यात. चौथं बी विंगमधल्या आजींच्या हाताने लावायचं, कुठे ते त्याच सांगतील. पाचवं मी पुढच्या रविवारी गावठाणात घेऊन जाणार आहे. वाडीवाले आजोबा आता नाहीत, पण त्यांच्या सुनेने अंगणात जागा करून ठेवली आहे. त्यांच्या सासऱ्यांच्या झाडाचा जाम त्यांच्याकडे नाही, आपल्याकडे आहे. तो परत द्यायचा.

झाड ऑक्टोबरपर्यंत उभं आहे. म्हणजे आपल्या हातात हा एकच पावसाळा आहे. खाली चहाच्या टेबलाशेजारी चाळीस फांद्या, रेती आणि पावडर ठेवली आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये वही आहे, त्यात फ्लॅट नंबर लिहा आणि एकेक फांदी घरी न्या. गॅलरीतल्या कुंडीत हे झाड कायमचं राहणार नाही, पण रुजवायला गॅलरी पुरते. रुजलं की गावाला न्या, शाळेच्या आवारात द्या, ज्यांना अंगण आहे त्यांना द्या. माझ्या हिशेबाने चाळीसांतली दहा जगतील. तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे असाल तर वीस.

टाकीसाठी मी हात वर केला, त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण मुकाट्याने झाड जाऊ दिलं असतं तर मात्र झाला असता.

चला, चहा थंड होतोय. हात धुऊन या, म्हणजे पावडरीचे हात वड्याला लागणार नाहीत.