उर्फ नांवाचा उलगडा

श्रोतेहो, गोष्ट १९८७ सालची आहे. एका खेड्यांतील शाळेंत मी नुकताच बदलून गेलों होतों. एके दुपारीं मुख्याध्यापकांच्या खोलींत मी एकटाच बसलों असतां एक म्हातारी धांपा टाकीत आली व म्हणाली, “मास्तर, आमच्या बाळूला जरा घरीं धाडा. त्याच्या आज्याचं कांहीं खरं दिसत नाहीं.” मीं सातवीपर्यंतचे सारे हजेरीपट चाळले आणि शांतपणें सांगितलें, “आजी, ह्या नांवाचा मुलगा आमच्या शाळेंत नाहीं.” बिचारी परत गेली. मुलगा शाळेंतच होता. मात्र हजेरीपटांत त्याचें नांव निराळें, भारदस्त असें होतें. शाळा सुटल्यावर तो घरीं पोंचला, तों आजोबा गेले होते.

हजेरीपट खोटा नव्हता आणि म्हातारीही खोटें बोलत नव्हती. घरचें नांव आणि पटावरचें नांव ह्यांची सांगड घालणें हें माझें काम होतें, आणि तें मीं केलें नव्हतें.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचें कारण असें कीं, माझा पुतण्या संगणकाच्या आज्ञावली लिहितो, आणि हुबेहूब अशीच उणीव एका मोठ्या आज्ञावलींत कशी होती व ती कशी दूर झाली, हें त्यानें मला परवां समजावून दिलें.

संगणकाची कळ दाबली म्हणजे प्रथम जागा होतो तो यंत्रांतच साठविलेला एक लहानसा कार्यक्रम. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो पुढें मुख्य कारभाऱ्यास, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, पाचारण करतो. पण हा कारभारी घरांत नवा असतो. कोणतें उपकरण कोठें जोडलें आहे, हें त्याला कोण सांगणार? म्हणून त्याच्या हातीं उपकरणांची एक वंशावळ देतात. तिला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणजे उपकरणवृक्ष असें नांव आहे. सन कंपनीच्या यंत्रांतून ही पद्धत पुढें आली, आणि १९९४ सालीं आयट्रिपलई १२७५ ह्या क्रमांकानें तिचें प्रमाण ठरलें. रास्पबेरी पाय नांवाच्या तळहातावर मावणाऱ्या संगणकांत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आजही असाच वृक्ष वाचते.

ह्या वृक्षांत प्रत्येक उपकरणाचा पूर्ण पत्ता असतो, आणि तो तिरक्या रेघेनें सुरू होतो. उदाहरणार्थ, ‘/सॉक/सीरियल@७ई२०१०००’. असा पत्ता माणसानें लक्षांत तरी किती ठेवावा! म्हणून वृक्षांतच ‘एलियसेस’ नांवाची एक फांदी ठेवलेली असते. डावीकडे उर्फ नांव आणि उजवीकडे पूर्ण पत्ता, अशी ती यादी. ‘सीरियल०’ असें म्हटलें कीं, तारेवरून संदेश पाठविणारें मुख्य द्वार समजावें. ह्यांत केवळ सोय आहे असें नव्हे. रास्पबेरी पायच्या पहिल्या दोन पिढ्यांत ‘सीरियल०’ हें नांव एका द्वाराकडे बोट दाखवीत असे. २०१६ च्या तिसऱ्या पिढींत तें द्वार ब्लूटूथच्या कामीं लावलें गेलें आणि तेंच नांव दुसऱ्या द्वारास दिलें गेलें. पत्ता बदलला तरी हांक तीच राहिली.

आतां उणीव कोठें होती तें पाहूं. वृक्षांतील उपकरण शोधून देणारी लिनक्समधील मूळ आज्ञावली केवळ पूर्ण पत्ताच ओळखीत असे. तिला ‘सीरियल०’ असें विचारलें तर ती माझ्यासारखाच पट चाळून ‘नाहीं’ म्हणे. २०१४ सालीं तिला उर्फ नांवांची यादी पाहावयास शिकविण्यांत आलें.

ही दुरुस्ती वाटते तितकी सोपी नव्हे. नांव तिरक्या रेघेनें सुरू होत असेल तर तो पूर्ण पत्ता. तेथें यादी पाहण्याचें कारण नाहीं. तसें नसेल तर पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत किंवा विसर्गासारख्या दोन टिंबांपर्यंतचा तुकडा घ्यावा, आणि तो यादींतील नांवाशीं संपूर्ण जुळवावा. आरंभ जुळला म्हणून भागत नाहीं. नाहींतर ‘सीरियल१’ ला हांक मारावी आणि ‘सीरियल१०’ नें ओ द्यावी, असा घोटाळा व्हावयाचा. नांव जुळल्यास त्याच्या जागीं पूर्ण पत्ता घेऊन तेथून पुढें चालावें. मुळींच न जुळल्यास मात्र अंदाज न बांधतां ‘सांपडलें नाहीं’ असें स्पष्ट सांगावें.

एवढें करूनही एक खोंच राहिलीच. दोन टिंबांच्या पुढें उपकरणासाठीं सूचना लिहितां येतात. ‘सीरियल०:११५२००एन८’ म्हणजे सेकंदाला १,१५,२०० बिट ह्या वेगानें बोला. आतां ह्या सूचनेंतच एखादी तिरकी रेघ आली तर? आज्ञावली तिला वृक्षाची नवी फांदी समजून भलतीकडे शोध घेऊं लागे. २०१५ सालीं ही चूकही सुधारली गेली. दोन टिंबें आलीं कीं पत्ता संपला. पुढचा मजकूर ज्याचा त्याला द्यावा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचें कौतुक तें काय? पण श्रोतेहो, अशा कित्येक यंत्रांना पडदा नसतो. आपण कोठें अडलों, हें तीं त्या तारेवरूनच सांगतात. द्वाराचें नांव उलगडलें नाहीं तर यंत्र बिघडलें तरी मुकें राहतें, आणि जवळ बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाहीं.

त्या दुपारीं म्हातारीला एकच प्रश्न विचारावयास हवा होता: “आजी, बाळूचें शाळेंतलें नांव काय?” तो मला सुचला नाहीं. पुढें निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक हजेरीपटाच्या शेवटल्या पानावर मुलांचीं घरचीं नांवें मी लिहून ठेवीत असें.