तरुणाची पाठदुखी



मी डॉक्टर नाही, युनियनचा माणूस. रजेच्या अर्जांवर ‘कंबरदुखी’ हा शब्द इतक्यांदा वाचला, की त्याचा अभ्यासच करावा लागला.

ओझे उचलताना कंबरेत लचक भरते, ती बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरते. दुसऱ्या एका पाठदुखीची रीत उलटी. ती ऐन विशी-पंचविशीत मुकाट्याने सुरू होते. पहाटे झोप मोडते; उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी ताठ, आणि पडून राहण्याने नव्हे, हालचालीने मोकळी होते. मुकादम म्हणतो, “सकाळी कण्हत होतास, दुपारी बरा कसा? सोंग!” अहो, सोंग कसले? तेच तर त्या रोगाचे लक्षण! ‘अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस’ हे त्याचे नाव. मणक्यांच्या सांध्यांचा हा दाह वाढला, तर मणके एकमेकांना जखडू शकतात.

कुणाच्या टाचा दुखतात. कुणाचा डोळा लाल होऊन उजेड सोसत नाही. त्याने त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रोग बायकांनाही होतो. तिथे ‘बाळंतपणाची कंबर’ म्हणून आपण मोकळे!

एक्स-रे सुरुवातीची काही वर्षे निर्दोष येऊ शकतो; एमआरआयमध्ये सूज आधी दिसते. असे दुखणे तीन महिन्यांवर गेले, की संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जावे. औषधे आहेत, व्यायामही तितकाच हवा. म्हणून अशा गड्यासाठी मी नुसती पडून राहण्याची रजा मागत नाही. पहाटेची पाळी बदलून मागतो, आणि मधूनमधून उठून फिरण्याची मुभा.