लेकीची विद्या आणि घरचा धंदा

सुताराच्या मुलाच्या हातीं रंधा आपोआप येतो. लेकीच्या हातीं बापाची हत्यारें द्यावीं, असें मात्र फार थोड्या घरांना सुचलें.

१९३३ सालीं बी. एस्सी. झालेल्या कमला भागवत यांनीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत संशोधनासाठीं अर्ज केला. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं तो नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाई समोर जाऊन भांडल्या आणि एका वर्षाच्या परीक्षणावर त्यांनीं प्रवेश मिळविला. दूध व डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनीं तेथें काम केलें. १९३९ सालीं त्या केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. रामन यांच्याशीं वाद घालण्याचें धैर्य कोठून आलें? स्वभाव तर होताच. परंतु त्यांचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि त्याच संस्थेचे आरंभींचे विद्यार्थी होते. इतर मुलींना जी संस्था परकी, ती या घरांत नित्याच्या बोलण्यांतली होती.

गंमत अशी कीं, त्याच वडिलांच्या दुसऱ्या कन्या दुर्गाबाई लोकसाहित्याकडे वळल्या! बापाचा धंदा दार उघडून देतो. आंत जावें कीं नाहीं, हें लेक ठरविते.

मद्रासेकडील ए. ललिता अठराव्या वर्षीं विधवा झाल्या. पदरीं तान्ही मुलगी. वडील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत विद्युत् शाखेचे प्राध्यापक होते. त्यांनीं प्राचार्यांकडे शब्द टाकला आणि ललिताबाई विद्युत् अभियंता झाल्या. शब्द टाकणारें घरांत कोणी नसतें तर?

हा प्रश्न परभणी जिल्ह्यांतल्या घरांना नीट लागू पडतो. १९७२ सालीं परभणीस कृषि विद्यापीठ झालें; अन्नतंत्राचें महाविद्यालयही तेथें आहे. परंतु सेलूच्या किंवा गंगाखेडच्या शेतकऱ्याला विचारावें, तर तो म्हणेल, "आमच्या घरांत या विद्येचें कोण आहे?" बाप मोट, पंप, पेरणी सांगेल, आईचा धंदा विचारला तर "घरकाम" म्हणून मोकळा होईल. वस्तुतः तूर उन्हांत कडक वाळविणें, निंबाचा पाला घालून ती कणगींत भरणें, पुढच्या सालचें बियाणें निवडून वेगळें बांधणें, हें तीच करीत आली. पाला कां घालावयाचा आणि ओलसर दाण्याला कीड आधीं कां लागते, हें पुस्तकांत वाचावयास मिळतें, तेव्हां तिची लेक वर्गांत अगदींच अनोळखी नसते. पण ही ओळख तिला कोणीं सांगितलेली नसते. आणि अर्ज भरतांना आईच्या नांवापुढें ती स्वतःच "कांहीं नाहीं" असें लिहून येते.