खेळातून उपचार : पाचव्या समवायाचे स्मरण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

जन्मापूर्वी, जन्मसमयी अथवा त्यानंतर लवकरच बालकाच्या वाढत्या मेंदूस इजा झाल्यास ‘सेरेब्रल पाल्सी’ ही अवस्था उद्भवते. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही. परंतु स्नायू ताठरतात, तोल सावरत नाही, पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेणेही कष्टाचे होते. अशा बालकास पाहून ‘पूर्वकर्माचे फळ’ असे म्हणत अनेक जण मोकळे होतात. वस्तुतः जैन दर्शनाने काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ असे पाच समवाय सांगितले आहेत. कर्मापाशीच थांबणे म्हणजे पाचव्याचे विस्मरण होय.

या बालकांचा पुरुषार्थ म्हणजे एकच हालचाल शेकडो वेळा करणे. सरावाने मेंदू नवी वाट शोधतो. पण बालमन कंटाळते. येथे आभासी वास्तवाचे खेळ उपयोगी पडतात. पडद्यावरील चेंडू टोलविण्यासाठी मूल हात उंचावते, यंत्र ती हालचाल टिपते आणि यश तत्क्षणी डोळ्यांना दिसते. व्यायाम तोच असतो. मात्र तो शिक्षा न वाटता क्रीडा वाटतो.

2008 साली अमेरिकेतील ‘फिजिकल थेरपी’ या नियतकालिकात अशाच एका किशोरवयीन रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ‘निन्टेन्डो वी’ या घरगुती खेळयंत्रावर, कधी बसून तर कधी उभे राहून, झालेल्या 11 सत्रांनंतर शरीराचा तोल व चालणे यांत सुधारणा आढळली. अर्थात एका उदाहरणावरून सिद्धांत ठरत नाही. खेळ हा उपचारास पूरक आहे, पर्याय नव्हे. कोणती हालचाल हवी, कोणती चुकीची सवय लावील, हे प्रशिक्षित उपचारकच जाणतो.

दानशूरांनी येथे विचार करावा. 2010 साली आलेले ‘कायनेक्ट’ हे यंत्र उपचारकेंद्रांतही वापरले गेले. 2017 साली त्याचे उत्पादनच थांबले. यंत्रे येतात आणि जातात. दात्याच्या नावाची पाटी यंत्रावर लागते. ताठर पाऊल हाती धरून बसणाऱ्या उपचारकाच्या वेतनावर लागत नाही. तरीही खरी गरज त्या वेतनाचीच असते.

औषधदान आणि अभयदान येथे एकत्र येतात. मुलाला पडण्याचे भय असते, माता-पित्यांना लोकापवादाचे. पहिले उपचारक दूर करील. दुसरे केवळ समाजच दूर करू शकतो.