पळाली की सुटायला निघाली?

(किशोरी गटांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या धुळे येथील शिबिरात केलेलं भाषण)



बालविवाह, पोटगी, रेशन या विषयांच्या रांगेत मला 'किशोरवयीनांच्या कादंबऱ्या' हा विषय दिलाय. कुणाला तो चैनीचा वाटेल. मला तो बालविवाहाच्या कामाचाच भाग वाटतो. का, ते सांगते.

डेबोरा एलिस या कॅनडाच्या लेखिका. पाकिस्तानातल्या निर्वासित छावण्यांत अफगाण बायकामुलींशी बोलून त्यांनी 'द ब्रेडविनर' (२०००) लिहिली, पुढे परवाना आणि शौझिया या दोघी मुलींची पुढची गोष्ट सांगितली. अपर्णा वेलणकरांच्या अनुवादामुळे ही पुस्तकं मराठीत वाचता येतात. परवाना ११ वर्षांची. तालिबानी तिच्या वडिलांना पकडून नेतात. बाईनं एकटीनं बाहेर पडायचं नाही, मग घर चालणार कसं? ती केस कापते, मेलेल्या भावाचे कपडे चढवते आणि बाजारात बसून लोकांची पत्रं वाचून देते. पुढे वडीलही जातात आणि ती युद्धातून पायी, आई-भावंडांच्या शोधात निघते. शौझिया १४ वर्षांची, पेशावरच्या छावणीत. तिला तिथून निघून फ्रान्सला जायचंय.

चाळीसगाव तालुक्यातल्या एका किशोरी गटात आम्ही ही गोष्ट थोडी थोडी वाचत होतो. गटातल्या बऱ्याच मुलींचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. एका मुलीनं विचारलं, "ताई, हिला कोणी 'पयी गई' नाही म्हणलं का?"

या एका प्रश्नासाठी मी आज उभी आहे. परवाना घर सोडते तेव्हा वाचणारी प्रत्येक मुलगी विचारते, ती कशापासून वाचायला निघाली? आपल्या गावची मुलगी निघते तेव्हा आपण विचारतो, कोणाबरोबर गेली? दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य येतं : 'अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवून नेले.' वाक्याचा कर्ता दुसराच कोणीतरी. मुलीनं स्वतः काही ठरवलं, तिला कशाची तरी भीती होती, हे त्या वाक्यात मावतच नाही.

यामागे कायद्याचंही कारण आहे. हरवलेल्या मुलांच्या बाबतीत अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं. ते गरजेचंच होतं. मुली विकल्या जातात, हे आपण जाणतो. पण गुन्हा नोंदवणं वेगळं आणि मुलीचं म्हणणं ऐकणं वेगळं. मुलगी सापडली की बहुतेक वेळा पहिला विचार तिला घरी सोडण्याचा होतो. तिचं लग्न त्याच घरात ठरलेलं असेल तर?

आपल्याकडे तालिबान नाही, बाँब पडत नाहीत, हे कबूल. पण नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल घेतलेली असते. वयात आलेली पोर फडावर न्यायची तर कोपीला दार नाही, गावात ठेवायची तर म्हातारीच्या भरवशावर. आईबाप भितात आणि 'सुरक्षिततेसाठी' तिचं लग्न लावतात. म्हणजे ज्याला आईबाप आसरा म्हणतात, त्यापासूनच मुलगी पळते. आणि घर म्हणजे आपोआप सुरक्षा नव्हे, हे जळगावकरांना सांगायला नको. १९९४ साली वासनाकांड उघडकीला आलं तेव्हा त्यातल्या मुली पळून गेलेल्या नव्हत्या, आपापल्या घरी राहत होत्या.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, त्यामुळे 'श्यामची आई' आपल्याला घरचंच पुस्तक. श्याम शिकायला घर सोडतो, त्याचं कौतुक होतं, आणि मागे आईची माया असते. अशी गोष्ट हवीच. पण जिला मागे वळून पाहायची भीती वाटते, तिचीही गोष्ट हवी.

शौझियाच्या पुस्तकात आणखी एक धडा आहे. छावणीत जीव वाचतो, पण तिचा जीव तिथे रमत नाही. शहरात एक अमेरिकन कुटुंब तिला प्रेमानं घरी नेतं आणि अडचण झाली की परत आणून सोडतं. आसरा देणाऱ्यांनी तिला विचारलेलं नसतं. आपल्याकडे २०२३ च्या मे महिन्यात बिहारहून मदरशांत शिकायला निघालेल्या ५९ मुलांना तस्करीच्या संशयावरून भुसावळ आणि मनमाडला गाडीतून उतरवलं, बालगृहांत ठेवलं, सोबतच्या शिक्षकांना अटक केली. पुढच्या वर्षी पोलिसांनीच गैरसमज झाल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. सुरक्षा देण्याच्या घाईत मुलांचं म्हणणं मागेच राहिलं.

तेव्हा तीन कामं सुचवते. एक, ही पुस्तकं गटात मोठ्यानं वाचा, आणि तात्पर्य सांगू नका. मुलींना बोलू द्या. दोन, मुली स्वतःची गोष्ट लिहितील तेव्हा नाव-गाव बदला. ती वही म्हणजे केसपेपर नव्हे. तीन, मुलगी सापडली की बालकल्याण समितीपुढे आग्रहानं सांगा : २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार जिचं वयाआधी लग्न लावलं जाण्याचा धोका आहे, ती 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' आहे. घरी पाठवण्याआधी तिला एकटीला विचारा : तू कशाला भ्यायलीस, आणि तुला कुठे राहायचंय? १०९८ हा नंबर तर प्रत्येक मुलीला पाठ हवा.

२०२१ पासून अफगाणिस्तानात मुलींच्या माध्यमिक शाळा पुन्हा बंद आहेत. परवानाची गोष्ट संपलेली नाही. आपल्या मुलींची तर अजून नीट ऐकलेलीही नाही. ती ऐकायला लागू या.