शब्दांची कुळे

तापीच्या उत्तरेस वसलेल्या कोसाडात, कापडाच्या धंद्यापायी खानदेशातून सुरतेस आलेल्या कुटुंबांतील मुलांस इंग्रजी शिकविताना एक गोष्ट मला नित्य दिसते. मुले रोज दहा शब्द आणि त्यांपुढे एकेक मराठी अर्थ असे घोकतात व आठवड्यात विसरतात. लक्षात राहिले, तरीही अडतातच. एका विद्यार्थ्याच्या आईच्या तपासणीचा कागद घरी आला. त्यावर ‘निगेटिव्ह’ असे लिहिलेले. मुलाने घोकलेला अर्थ ‘वाईट’. त्या रात्री त्या घरी चूल पेटली नाही. वास्तविक, शंका होती तो रोग आढळला नाही, एवढेच त्या शब्दाचे म्हणणे होते.

मग शब्दसंग्रह वाढवावा कसा? आपल्या भाषेकडेच पाहा. ‘हृ’ या एका धातूस उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे केवढे गोत झाले आहे! इंग्रजीने लॅटिनमधून अशीच कुळे उचलली. वाहून नेणे या अर्थाचे ‘पोर्ट’ घ्या. सुरतेत मालमोटारींवर ‘ट्रान्स्पोर्ट’ हा शब्द मुले रोज वाचतात. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, म्हणून निर्यात ती ‘एक्स्पोर्ट’. आत येते ती ‘इम्पोर्ट’. वार्ता परत आणून देणे तो ‘रिपोर्ट’. आणि स्टेशनावरचा हमाल तो ‘पोर्टर’. बंदर या अर्थाचा ‘पोर्ट’ मात्र निराळ्या लॅटिन शब्दापासून आला आहे. केवळ नामसाम्यावरून सोयरीक जुळवू नये. त्यासाठी कोश उघडावाच लागतो. मोल्सवर्थसाहेबाचा १८३१ चा मराठी–इंग्रजी कोश पाहिला, तर एका शब्दाखाली किती अर्थच्छटा असू शकतात हे कळते. एका शब्दास एकच अर्थ देणाऱ्या बाजारी पुस्तिका मला तरी उपद्रवीच वाटतात.

काही शब्द तर आपल्याच घरून गेलेले आहेत. इंग्रजी ‘माँगूस’ म्हणजे आपले मुंगूस. वडाच्या झाडास इंग्रजीत ‘बॅनियन’ म्हणतात, त्याचे मूळ गुजराती ‘वाणियो’. इराणच्या किनाऱ्यावर गुजराती व्यापारी अशा एका झाडाखाली जमत. त्यावरून परदेशी प्रवाशांनी झाडासच वाण्यांचे नाव दिले. वर्गात हे सांगितले तेव्हा मुले खदखदून हसली. त्या शब्दाचा अर्थ कोणासही घोकावा लागला नाही.